जुनी चावीची घड्याळं जमवायची आणि दुरुस्त करायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, घड्याळं नुसती जमवायची नाहीत तर स्वतः उघडून दुरुस्तही करायची आहेत, आणि घरात आजोबांचं बंद पडलेलं एक घड्याळ आहे, तर त्यावरच शिकू का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, त्याला हात लावू नका. ते जाणत्या कारागिराकडे द्या आणि देताना बजावून सांगा की डायल रंगवायची नाही, केस घासून चमकवायची नाही, आणि बदललेला प्रत्येक पार्ट पुडीत घालून परत द्यायचा. हे सांगितलं नाही तर घड्याळ चकाचक होऊन घरी येतं, पण ते आजोबांचं राहत नाही.

शिकायला चावीचं एचएमटी घ्या. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे दहावी पास झाल्याचं बक्षीस, लग्नात जावयाला द्यायची भेट, पहिल्या पगाराची खरेदी म्हणजे एचएमटी हे ठरलेलंच असे. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये घेतला, पण तोवर इतकी घड्याळं लोकांच्या घरात गेली होती की ती आजही कपाटांतून निघतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की जनता, पायलट अशा बऱ्याच मॉडेलांच्या आत 17 ज्युएलचं, म्हणजे घर्षण कमी करायला 17 बारीक खडे बसवलेलं, एकच मशीन आहे, 0231. म्हणून दहा वेगवेगळी घड्याळं घेण्यापेक्षा एकाच मशीनची तीन घ्या: एक चालू, दोन बंद. चालू असलेलं समोर ठेवून बंद असलेलं जोडता येतं, आणि एखादा स्क्रू उडून गेला तर दुसरा हाताशी असतो. मनापासून सांगतो, पहिलं वर्ष या एका मशीनवर घालवलंत तर पुढची सगळी सोपी जातील.

आता खरेदी. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि ऑनलाइन तर ढिगाने आहेत. पण ऑनलाइन दिसणारी झगमगीत नारिंगी, जांभळी, पोपटी डायलची घड्याळं घेऊ नका. परदेशी संग्राहक यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: जुनी डायल खरवडून त्यावर नवा रंग आणि नवं नाव छापायचं, काटे एकाचे, केस दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं. फेवर ल्युबा या स्विस कंपनीच्या नावावर तर असा माल फार खपतो. ओळखायचं कसं? भिंगातून डायलवरची अक्षरं बघा. कारखान्यातली छपाई बारीक आणि धारदार असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा बसवलेल्या खुणांशी जुळत नाहीत आणि काट्यांच्या भोकाशी रंगाचा थर साठलेला असतो. मला विचाराल तर पिवळी पडलेली, कडेला डाग आलेली पण मूळची डायल असलेली ‘जनता’ मी केव्हाही घेईन.

विकणाऱ्याला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आत सगळ्यात आधी स्क्रूंची डोकी बघा. खाचा चेपलेल्या, ओरखडलेल्या असतील तर आधी कुणीतरी अडाण्यासारखा हात चालवलेला आहे. मग चावीची दांडी आत शिरते ती जागा बघा, कारण घाम आणि पावसाचं पाणी तिथूनच शिरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. थोडी चावी दिल्यावर बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणारं चाक, झुलायला लागलं पाहिजे, घड्याळ उताणं धरा की पालथं. एकाच बाजूने चालत असेल तर बॅलन्सच्या आसाच्या टोकांत दोष असण्याची शक्यता मोठी. बंद घड्याळं मात्र बिनधास्त घ्या, फक्त बॅलन्स आणि त्याची हेअरस्प्रिंग, म्हणजे त्याला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, शाबूत असली पाहिजे.

हत्यारांत कंजुषी फक्त दोन ठिकाणी करू नका: चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीइतकंच हवं, अरुंद असेल तर ते निसटून मशीनवर चरा उमटवतंच. भिंग, मशीन धरायचा होल्डर, हवेचा फुगा, कडा असलेला पांढरा ट्रे हे साधं चालतं.

उघडताना एक क्रम कधीही मोडू नका: आधी मुख्य स्प्रिंगमधला ताण सोडायचा. चावी दोन बोटांत घट्ट धरा, किंचित पुढे फिरवा म्हणजे क्लिक, म्हणजे स्प्रिंगला उलटं सुटू न देणारी छोटी खिटी, मोकळी होते. ती लाकडी काडीने बाजूला दाबून ठेवा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्या. बोटांना तो जोर जाणवतो आणि मग ओसरत जातो. ताण असताना पॅलेट, म्हणजे चक्रांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा छोटा काटा, काढलं तर सगळी चक्रं सर्रकन फिरतात आणि त्यांच्या आसांची केसाएवढी टोकं मोडतात. ताण गेल्यावर बॅलन्सला वरून धरणाऱ्या पट्टीचा, म्हणजे पुलाचा, स्क्रू काढून पूल सरळ वर उचला, बॅलन्स खाली हेअरस्प्रिंगला लटकत वर येईल. तो पूल लगेच उलटा करून ठेवा. हेअरस्प्रिंगला चिमटा लागू देऊ नका, एकदा पीळ पडला की नवशिक्याच्या हातून ती सरळ होत नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. सुरुवातीला तेल-बिल काही न करता नुसतं उघडा आणि परत जोडा, जोडल्यावर ते पुन्हा चालायला लागेपर्यंत.

धुणं आणि तेल नंतर. आपले जुने कारागीर पेट्रोलमध्ये धुतात. तुम्ही घरात करत असाल तर खिडकी उघडी आणि गॅस बंद, यात हयगय नको. स्पिरिट वापरणार असाल तर पॅलेट त्यात भिजत ठेवू नका, त्याचे इवलेसे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, ते पसरतं आणि खड्याच्या खोबणीत टिकत नाही. घड्याळाचंच तेल घ्या, खोबण अर्धी भरेल इतकंच सोडा, आणि पॅलेटच्या आसाच्या टोकांना तेल लावायचं नाही, ती कोरडीच चालतात.

जोडून झाल्यावर फोनमधलं टाइमग्राफर ॲप लावून बघा, ते ठोके ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातं ते सांगतं. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं तर खुशाल समाधान माना. अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं. फोनचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण एवढं पुरतं. जवळ होकायंत्र नेलं आणि सुई हलली तर खात्री झाली. चुंबकत्व घालवायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं.

कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल तो तुमच्या गावातला घड्याळवाला. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा जा, ‘काका, जरा बसून बघू का?’ असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांच्याकडे हल्ली शिकायला कुणी येत नाही. शिवाय एचएमटीचे सुटे पार्ट कुणाच्या डब्यात पडून आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं.

पुढे हात बसला की वेस्ट एंड, जुनी फेवर ल्युबा अशा स्विस घड्याळांकडे वळाल. तिथे एक गोष्ट जिवापाड सांभाळा. साधारण 1960 च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना आणि काट्यांना खरं रेडियम लावलेलं असे, रिक्षावर चिकटवतात ते नव्हे. त्याची चमक केव्हाच गेलेली असते, पण किरणोत्सर्ग तसाच असतो, कारण रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे 1,600 वर्षं लागतात. मागचं झाकण बंद ठेवून घातलं तर मोठा धोका नाही. धोका आहे तो ती पावडर श्वासातून किंवा तोंडातून आत जाण्यात. तेव्हा तपकिरी, भुगा होत चाललेल्या रंगाचे आकडे दिसले तर ते खरवडू नका, फुंकर मारू नका, जेवायच्या टेबलावर तर मुळीच उघडू नका. झाकण लावा आणि ते घड्याळ बाजूला ठेवून द्या.