अमेरिकी लष्कराच्या जुन्या एम-35ए2 ट्रकच्या केबिनमध्ये दिवा नाही. 12 व्होल्टचा एलईडी लावता येईल का?

थेट लावू नका, जळेल. हा ट्रक 24 व्होल्टचा आहे, 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या. इंजिन चालू असताना व्होल्टेज 28 च्या आसपास जातं. दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायचा मोह होतो, पण तोही टाळा. ती बॅटरी कमी चार्ज राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात.

सरळ 10 ते 30 व्होल्टवर चालणारा एलईडी घ्या. बोटींसाठी आणि ट्रकसाठी मिळतो. 5 वॅटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर घेतो, त्यामुळे 2 अँपिअरचा फ्यूज पुरे. पण तो बॅटरीजवळच हवा, दिव्याजवळ नको. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, घालाच. हादऱ्यांनी कडेवर इन्सुलेशन घासून वायर उघडी पडते, आणि आग लागते ती तिथूनच.

छत कॅनव्हासचं असेल तर दिवा काचेच्या चौकटीवर, आतल्या बाजूने बसवा. पांढऱ्यासोबत लाल रंगही असलेला मिळाला तर उत्तम. रात्री लाल उजेडात नकाशा पाहून मान वर केली तरी रस्ता लगेच दिसतो.