वाचक विचारतात : समुद्रातल्या डोंगरावर कोण राहतं?

प्रश्न : सर, कोबाल्ट या धातूसाठी आपल्या सरकारनं समुद्रातल्या एका डोंगराकरता अर्ज केल्याचं वाचलं. पाण्याखालचा डोंगर कळतो तरी कसा? तिथल्या अंधारात काय जगत असेल? आणि बॅटरीसाठी थोडा खरवडला तर कुणाचं काय बिघडणार? – एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नानं दोन दिवस माझी पाठ सोडली नाही. तो मागे ठेवतो, कारण आधीचं कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही.

त्या डोंगराचं नाव अफनासी निकितिन. निकितिन हा पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी. चौलला उतरला, जुन्नरला राहिला आणि बहमनींच्या बिदरला पोचला. त्याच्या नावाचा हा डोंगर हिंदी महासागरात आहे. पायथा सुमारे ४,८०० मीटर खोल, तर माथा पृष्ठभागापासून सुमारे १,२०० मीटरवर. म्हणजे उंची कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि तरीही सगळा पाण्यात बुडालेला. असे बहुतेक डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी. आपल्याकडे विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो काळा पाषाण, त्याच जातीचा दगड.

कळतो कसा? डोंगराच्या वजनाची ओढ आजूबाजूचं पाणी आपल्याकडे खेचते. दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर समुद्र दोनेक मीटर फुगलेला असतो. फुगवटा मैलोन्‌मैल पसरलेला, त्यामुळे बोटीवरच्या माणसाला दिसत नाही, पण उपग्रह तो मोजतो. नेमका आकार मात्र जहाजावरून आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकूनच काढावा लागतो. असा नीट मोजलेला समुद्रतळ आजही साधारण पाव हिस्साच आहे.

आता राहणाऱ्यांकडे येऊ. खोल प्रवाह डोंगरावर आदळतो, वळसे घेतो, वर चढतो. त्यासोबत वरून झरणारा मेलेल्या जिवांचा चुरा फिरत राहतो. पोवळी आणि स्पंज हे समुद्री प्राणी दगडाला घट्ट धरून बसतात आणि वाहत येईल ते टिपतात. उन्हाचा पत्ता नाही, तरी पोवळ्यांची रानं! मला सगळ्यांत भावते ती रात्रीची गोष्ट. बारीक जीव रात्री चरायला वर येतात, प्रवाह त्यांना डोंगरावर आणून सोडतो. पहाटे ते खाली जायला निघतात तर वाटेत माथा आडवा, आणि तिथं मासे टपलेले. २०२४ साली चिलीजवळच्या डोंगरांवर दूरनियंत्रित यंत्र उतरवलं तेव्हा एकाच मोहिमेत शंभराहून अधिक जीव असे दिसले, जे विज्ञानाला बहुधा नवे आहेत.

तर, काय बिघडणार? हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या पोवळ्याचं वय शास्त्रज्ञांनी काढलं, ते निघालं ४,२०० वर्षांहून अधिक. डोंगरांवर जमणारा ऑरेंज रफी नावाचा मासा शंभरी ओलांडतो. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडं तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी त्याचे थवेच्या थवे काही वर्षांत उपसले गेले. आणि कोबाल्ट असतं ते दगडावर धरलेल्या पापुद्र्यात. तो दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. त्याच पापुद्र्यावर ही पोवळी उभी असतात, म्हणजे पापुद्रा काढला की पोवळंही गेलं. ‘थोडा’ खरवडणं तिथं नसतंच.

आपल्या भागात बॉक्साइटसाठी माथे कापलेले डोंगर तुम्ही पाहिले असतील. मी मास्तरकीच्या पहिल्या वर्षी पाहिलेल्या अशा एका माथ्यावर आज, पस्तीस वर्षांनी, गवत आहे, पण मुलांनी करवंदं तोडलेल्या जाळ्या परतल्या नाहीत. तिथं निदान पाऊस पडतो, पाखरं बी टाकतात.

अर्ज जानेवारी २०२४ मधला, जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे केलेला. त्या टापूवर श्रीलंकेचाही दावा आहे. अर्ज शोधकामाचा आहे, खोदकामाचा नव्हे, आणि शोध जरूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यात धातूच्या टक्क्यांइतकीच तिथल्या जिवांची नोंद झाली पाहिजे, आणि ती पुरी होईतो खोदकामाचा विषयच निघू नये.

जाता जाता, असे डोंगर आपल्या अरबी समुद्रातही आहेत. त्यांतल्या तिघांना रामन, पणिक्कर आणि वाडिया या आपल्या शास्त्रज्ञांची नावं आहेत. पणिक्कर हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला उतराल तेव्हा मुलांना दोनापावलाला न्या आणि पश्चिमेकडं बोट दाखवून ही नावं सांगा.