बुगडी साताऱ्यालाच का सांडली?

तुमचा प्रश्न असा : मराठी लोकगीतांत आणि गाजलेल्या गाण्यांत गावांची, नद्यांची, डोंगरांची जी नावं येतात ती खरी ठिकाणं आहेत का? आणि एखाद्या गाण्याचा माग काढत जायचं झालं तर कुठं जावं?

मी मूळचा कराडकडचा. उत्तर साताऱ्या-सांगलीकडं झुकणार, हे आधीच कबूल करतो.

नावं बहुतेक खरी असतात. पण गावाला गाण्यात कशासाठी आणलंय ते बघा, गंमत तिथं आहे. 'बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला' घ्या. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'मधली गदिमांची ही लावणी. चाल वसंत पवारांची, आवाज आशाबाईंचा, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंदला हा सिनेमा सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. सातारा खराच, पण लावणीत साताऱ्याचं म्हणावं असं काहीच नाही. ना अजिंक्यतारा, ना कंदी पेढा. मग ही बाई साताऱ्यालाच का निघाली? कारण चुगली जायला नको ती 'म्हाताऱ्याला'. म्हाताऱ्याला, साताऱ्याला. कोल्हापूरला निघाली असती तर गदिमांना म्हातारा बदलावा लागला असता! मला तर वाटतं, बुगडी त्या वाटेवर पडलेलीच नाही. सातारा ही तिनं घरी सांगायला शोधलेली सबब आहे. आमच्या मावशीचं मात्र ठाम मत होतं की बुगडी खंबाटकी घाटात पडली असणार, एसटी तिथंच जास्त हिसके देते.

लावणीत गाव असंच येतं, दागिन्यासारखं. कोल्हापूरची लवंगी मिरची, पुण्याची मैना, साताऱ्याची गुलछडी. पत्ता शोधत गेलात तर फसाल.

गोंधळाचं, म्हणजे लग्नकार्यानंतर देवांना घरी बोलावणाऱ्या गाण्यांचं, अगदी उलट. तिथं पत्ता चुकला तर देवच यायचा नाही. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला होता. चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ आणि तुणतुणं सुरू झालं आणि गोंधळी एकेका देवाला गावासकट हाका मारायला लागला. तुळजापूरची भवानी गोंधळा यावी, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळा यावी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराया, पंढरीचा विठोबा. मग तो आजोबांकडं वळून आमचं कुलदैवत आणि गावदेव विचारून गेला आणि तीही नावं त्याच दमात ओवली. तेव्हा मी नववीत होतो. भूगोलाच्या पुस्तकात माहूर कुठं दिसलं नव्हतं, ते मला त्या रात्री कळलं. सकाळी दारावर येणारा वासुदेवही तेच करतो. दान पदरात पडलं की ते कुठल्या गावच्या कुठल्या देवाला पावलं, हे तो गाऊन सांगतो. पावतीच म्हणा की.

खंडोबाची गाणी तर नकाशावर बोट ठेवून ऐकावीत. देव राहतो जेजुरीला, म्हणजे पुणे जिल्ह्यात. थोरली बायको म्हाळसा, ती नेवाशाच्या वाण्याची लेक. धाकटी बाणाई, धनगरवाड्यातली, चंदनपुरीची, मालेगावजवळची. म्हाळसेशी लग्न लागलं ते आमच्या कराड तालुक्यातल्या पालीला, तारळी नदीच्या काठी. पौषात दरवर्षी तिथं ते लग्न पुन्हा लागतं आणि भंडाऱ्यानं अख्खं गाव पिवळं होतं. एका देवाच्या संसारात आजचे चार जिल्हे आले. आणि दोन सवतींच्या भांडणाची जी गाणी वाघ्या-मुरळी रात्रभर म्हणतात, त्यात वाण्याचं घर आणि धनगराचा वाडा एकमेकांना टोमणे मारत असतात. फक्त 'नवलाख पायरी' मोजायला जाऊ नका. जेजुरीगडाच्या पायऱ्या चारशेच्या आतबाहेर भरतील. बाकीच्या श्रद्धेच्या खात्यात.

नद्यांकडं आलो की माझी आवडती भीमा. भीमाशंकरला उगवते आणि गाण्यांत तीन-तीन नावांनी वाहते. 'माझे माहेर पंढरी, आहे भिवरेच्या तीरी' हा एकनाथांचा अभंग भीमसेनजींच्या आवाजात ऐकलाच असेल. ती भिवरा म्हणजे भीमाच. पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथं तिची चंद्रभागा होते. आणि 'जय जय महाराष्ट्र माझा'मध्ये ज्या 'भीमथडीच्या तट्टांना' यमुनेचं पाणी पाजायचंय, ती थडी, म्हणजे काठ, याच नदीची. भीमथडी हे कवीच्या कल्पनेतलं गाव नव्हे. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच होता आणि तिथली काटक तट्टं मराठी फौजेत नावाजलेली होती. आता 'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' आठवा. 'गुळाचा गणपती' 1953 चा, शब्द पुन्हा गदिमांचे, चाल पुलंची, आणि इथंही आवाज भीमसेनजींचाच. ही इंद्रायणी पुढं तुळापूरला भीमेलाच मिळते. म्हणजे आळंदीच्या गाण्यातलं पाणी पंढरीच्या अभंगाकडं चाललेलं असतं. वारकरी आषाढीला चालतात ती वाट वेगळी, पण जायचं दोघांनाही एकाच ठिकाणी.

राजा बढ्यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 पासून आपलं राज्यगीत आहे. शाळेत सगळे घोकतात, पण 'रेवा, वरदा' म्हणजे कोण, हे विचारलं तर मुलं गप्प. रेवा म्हणजे नर्मदा, ती नंदुरबारच्या कडेनं आपल्याला जेमतेम शिवून जाते. वरदा म्हणजे वर्धा. 'कृष्ण कोयना' मात्र मला कुणी शिकवायला नको. कराडला या दोघी समोरासमोर येऊन भेटतात, त्या प्रीतिसंगमावर आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या.

किनाऱ्याबद्दल थोडक्यात. कोळीगीतातली 'वेसावची पारू' ही वेसाव्याची, म्हणजे पाटीवर वर्सोवा लिहिलेलं असतं त्या कोळीवाड्याची. आणि कोळ्यांची एकवीरा आई समुद्राकाठी नाही, घाट चढून कार्ल्याच्या डोंगरावर लेण्यांपाशी बसलीय. दर्यावरच्या माणसांनी देवीच्या भेटीला डोंगर चढायचा, हे मला फार आवडतं.

आता मुंबई. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत 'मुंबई नगरी बडी बांका, जशी रावणाची दुसरी लंका' असं बाहेरून आलेल्या माणसाचं डोळे विस्फारून बघणं आहे. पुढं अण्णाभाऊ साठ्यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली आणि त्याच शहराचे दोन तुकडे करून दाखवले. उंचावर मलबार हिल, ती इंद्रपुरी, कुबेरांची वस्ती. खाली परळ, तिथं रातदिवस राबणारे आणि मिळेल ते खाणारे. इथं ठिकाणांची नावं यमकासाठी येत नाहीत आणि सजावटीसाठीही नाहीत. मलबार हिल आणि परळ ही दोन नावं शेजारी ठेवली की अर्धी लावणी तिथंच सांगून होते. गिरण्या गेल्या आणि परळात आता टॉवर उभे आहेत, त्यामुळं आजच्या पोराला ही लावणी ऐकवताना आधी परळ म्हणजे काय होतं ते सांगावं लागतं.

मला या दोघांबद्दल एक गोष्ट उशिरा कळली. बापूरावांचं गाव रेठरे हरणाक्ष, अण्णाभाऊंचं वाटेगाव. दोन्ही गावं सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातली! एक कुलकर्ण्यांच्या घरात 1866 मध्ये जन्मलेला, जात सोडून तमाशाच्या फडात गेलेला. दुसरा मातंग समाजातला, 1920 चा, पोटासाठी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला. मुंबईवरच्या या दोन्ही लावण्या एकाच तालुक्यातल्या माणसांनी लिहिल्या आणि दोघांना दिसलेली मुंबई एक नव्हती.

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' तर ठिकाणांच्या नावांसाठीच ऐकावी. सुरुवातीला ते गरिबीनं ताटातूट झालेल्या नवरा-बायकोचं गाणं वाटतं. पहाटे निघालेला नवरा, मुंबईतली बेकारांची गर्दी, मागं राहिलेली गव्हाळ मैना. मैनेच्या गावाचं नाव शेवटपर्यंत येत नाही, म्हणून ती कुणाच्याही गावची होऊ शकते. आणि मग अचानक शाहीर म्हणतो की हीच गत खंडित महाराष्ट्राची झाली, आणि चार नावं घेतो : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. त्या क्षणी मैना बाई राहत नाही, मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानात बसलेल्या गिरणी कामगाराला नकाशा दाखवायची गरजच नव्हती. बायको गावाला ठेवून आलेला माणूस तो, एका ओळीत त्याला कळत होतं.

1960 च्या 1 मे रोजी राज्य झालं. डांग आणि उंबरगाव गुजरातेत राहिले, बेळगाव आणि कारवार आज कर्नाटकात आहेत. गाण्यातली चारही नावं जशीच्या तशी उरली.

तुम्ही विचारलंत कुठं जावं, तर माझं ऐका. साताऱ्याला बुगडी शोधू नका. पुण्याहून बंगळूर महामार्ग धरा, पौष असेल तर वाटेत पालीला थांबा, कराडला संगमावर पाय भिजवा आणि पुढं वाळव्यात उतरून रेठरे आणि वाटेगाव दोन्ही एका दिवसात करा. गाडीत आधी बापूराव लावा, परतताना अण्णाभाऊ.