स्थिरांक बदलतात का? वाचकांचे प्रश्न

‘विश्वाचे स्थिरांक (प्रकाशाच्या वेगासारख्या कायम मानलेल्या राशी) बदलू लागलेत’ असा मजकूर फिरतोय आणि त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येत आहेत. म्हणून ही उत्तरं एकत्र.

२०१९ मध्ये किलोची व्याख्या बदलली. मार्केट यार्डात गुळाच्या रव्याचं वजन बदलणार का? (कागल)

नाही. व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे क्वांटम भौतिकीतल्या एका मूलभूत राशीवर बेतली, किलो तेवढाच राहिला. काट्याचीच शंका असेल तर वैधमापन निरीक्षकांना विचारा.

किरणोत्सवात कधी कधी मावळतीची किरणं कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मुखापर्यंत पोचत नाहीत. प्रकाशात काही बदल झालाय का? (शिवाजी पेठ)

अजिबात नाही. ढग, धुरकं आणि वाटेतली बांधकामं आडवी येतात.

१९४१ च्या सुमारास प्रकाशाचा वेग आजच्यापेक्षा कमी होता म्हणे. (इचलकरंजी)

नव्हता. तेव्हाचा मान्य आकडा सेकंदाला सुमारे २,९९,७७६ किलोमीटर, आजचा २,९९,७९२.४५८. चूक मोजमापात होती. शिवाय १९८३ पासून मीटरच या वेगावरून ठरवतात, त्यामुळे हा आकडा आता हलूच शकत नाही.

म्हणून बदल शोधायचा तो ज्या संख्येला मीटरसारखं एकक नाही तिच्यात. सूक्ष्मरचना स्थिरांक ही तशी संख्या, साधारण १/१३७. विद्युतचुंबकीय बल किती जोरकस, हे ती सांगते. दूरच्या क्वेसारांच्या (अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) प्रकाशावरून खगोलशास्त्रज्ञ जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलं, की पूर्वी ती लाखात एखाद्या भागानं कमी असावी. फॉरवर्ड करणारे इथंच थांबतात आणि मला चीड येते ती याचीच! पुढच्या, जास्त काटेकोर वर्णपटांत तो बदल पक्का झाला नाही. गॅबनमधल्या ओक्लो इथं सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुभट्टी सुरू झाली होती. तिथं उरलेल्या समेरियम या मूलद्रव्यावरून दिसतं, की तेव्हाही ही संख्या जवळजवळ आजचीच होती. २००८ मध्ये अणुघड्याळांनी मर्यादा आणखी आवळली: बदल असलाच तर वर्षाला दहा कोटी अब्जात जेमतेम काही भाग. म्हणून ‘बदलतो’ म्हणू नका, पण ‘कधीच बदलत नाही हे सिद्ध झालंय’ असंही म्हणू नका. मजकूर पुढं पाठवण्याआधी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात कुणाला तरी दाखवा.

बदलत्या स्थिरांकांशी शरीर जुळवणारं ‘क्वांटम’ लॉकेट आईच्या गुडघेदुखीसाठी घ्यावं का? विक्रेता तीन महिने थांबा म्हणतो. (राजारामपुरी)

घेऊ नका. सगळ्यात अचूक घड्याळांना जो बदल सापडत नाही, त्याच्याशी लॉकेट काय जुळवणार? पैसे दिले असतील तर पावती घेऊन ग्राहक आयोगाकडे जा. आणि आईंना हाडांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या, तीन महिने थांबू नका.