एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यांना सैद्धांतिक भौतिकशास्त्र कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता, यंदा एम.एस्सी. गणिताचा मेकॅनिक्सचा पेपर तुमच्या वाट्याला आलाय आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांनी बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नाही. आधी फिजिक्स शिकवू, की सरळ गणित करून मोकळी होऊ, असं विचारलंत. मीही इथेच बरीच वर्षं हा विषय शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरळ गणित करून मोकळ्या होऊ नका. मुलं पास होतील, मेकॅनिक्सचं मुख्य समीकरण, म्हणजे ऑयलर-लाग्रांज समीकरण, घडाघडा म्हणतील, पण ते कशाबद्दल आहे हे विचारलं तर खाली बघतील. आणि बारावीचं फिजिक्स पहिल्यापासून शिकवायलाही बसू नका. तेवढे तास मिळत नाहीत, शिवाय अडचण तिथे नसतेच.

अडचण अशी आहे. गणिताच्या मुलाला वर्षानुवर्षं सवय असते की फळ्यावरचं प्रत्येक वाक्य म्हणजे एकतर व्याख्या, नाहीतर गृहीतक, नाहीतर सिद्ध केलेलं. फिजिक्स शिकवताना आपण तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच खडूने, एकाच दमात लिहितो: गणिताने सिद्ध होणाऱ्या, निसर्गात तसं दिसतं म्हणून मानलेल्या आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून सोडून दिलेल्या. यातली कुठली ओळ कुठल्या जातीची हे सांगितलं नाही, की सगळ्यात आधी हुशार मूल गप्प होतं. त्याला वाटतं, सगळ्यांना कळलं, आपल्यालाच कळलं नाही.

म्हणून मी फळ्याच्या डाव्या समासात अक्षरं लिहिते. ‘सि’ म्हणजे सिद्ध, ‘दि’ म्हणजे दिसलेलं, ‘सो’ म्हणजे सोय. दोन आठवड्यांत मुलं स्वतःच ओरडायला लागतात, “मॅडम, ही ओळ सो आहे, सि नाही!” त्या दिवसापासून वर्ग सुरू झाला असं मी समजते.

पहिल्या तासाला मी देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्यापासून सुरुवात करते. त्यांचा ६१७४ आपल्याकडच्या गणिताच्या बहुतेक मुलांना ठाऊक असतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. हे खरं कशावरून? चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, सगळ्या तपासल्या की विषय संपला. मग विचारायचं: ऊर्जा अक्षय्य आहे हे खरं कशावरून? हजार प्रयोग केले, हजार वेळा तेच आलं, तरी सगळे प्रयोग तपासून झाले असं कधी म्हणता येणार नाही. पहिलं ‘सि’, दुसरं ‘दि’. फार न बोलता हा फरक मुलांच्या हातात पडतो.

मग एक कुलूप आणि दोरी. दोरीच्या एका टोकाला कुलूप अडकवते, दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधते, लांबी एक मीटर. थोडंसंच बाजूला ओढून सोडायचं आणि जाऊन-येऊन एक असे वीस झोके मोबाइलच्या घड्याळावर मोजायचे. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, साधारण ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर दोलकाच्या सूत्रानुसार चाळीस सेकंद आणि वर थोडं येतं, आणि मुलं मोजतात तेव्हा तेवढंच भरतं. ज्या मुलांनी हे सूत्र परीक्षेत दहा वेळा लिहिलंय तीही चमकून बघतात, कारण ते खरं असल्याचं त्यांनी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा. कुलूप साठ अंशांपर्यंत ओढायला सांगते आणि पाचच झोके मोजायला लावते. सूत्र म्हणतं दहा सेकंद, घड्याळ म्हणतं पावणेअकराच्या आसपास. चूक कुणाची? सूत्र काढताना आपण साइन थीटाच्या जागी नुसता थीटा, म्हणजे दोरीचा उभ्या रेषेशी होणारा कोन, लिहिला होता, त्या ओळीला ‘सो’ लावलं होतं, त्या सोयीची ही किंमत. साठ अंशांना सुमारे सात टक्के, दहा अंशांना पाव टक्कासुद्धा नाही. अंदाज म्हणजे चूक नव्हे, त्याला किंमत असते आणि ती मोजता येते, हे गणिताच्या मुलाला पटवणं फार गरजेचं आहे. नाहीतर ‘अ‍ॅप्रॉक्सिमेटली’ हा शब्द ऐकला की त्याला वाटतं, फिजिक्सवाले ढिसाळ असतात. याच वळणावर अचूक उत्तर काढायचं ठरवलं की एलिप्टिक इंटिग्रल, म्हणजे नेहमीच्या फंक्शनांत न सुटणारं इंटिग्रल, समोर येतं, आणि त्याच्याशी झुंजायला मुलं आपणहून तयार होतात.

एककांचं थोडक्यात सांगते. आपली मुलं संख्येला एकक जोडायचं विसरलेली असतात. मी विचारते, ई चा घात पाच मीटर म्हणजे काय? घातश्रेणी उलगडली की मीटरमध्ये चौरस मीटर मिळवायची वेळ येते आणि तिथे ते थांबतात. एवढं पुरतं.

आता सगळ्यात अवघड जागा, ऑयलर-लाग्रांज समीकरण. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, वेग म्हणजे स्थानाचाच डेरिव्हेटिव्ह. मग स्थान कॉन्स्टंट धरून वेगाच्या सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह कसा घ्यायचा? स्थान कॉन्स्टंट असेल तर वेग शून्यच ना?” मी म्हटलं, “ते स्वतंत्र मानायचे असतात.” ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, ते मला दिसत होतं. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझं उत्तर म्हणजे उत्तरच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो तास पुन्हा घेतला.

लाग्रांजियन, म्हणजे गतिज ऊर्जा उणे स्थितिज ऊर्जा, हे दोन कप्प्यांचं फंक्शन आहे. एका कप्प्यात कुठलंही स्थान, दुसऱ्यात त्या स्थानी असू शकेल असा कुठलाही वेग. इथे अजून मार्ग आलेला नाही, काळही वाहत नाही. रामकुंडापाशी एक माणूस आहे एवढंच सांगितलं, तर तो उभा आहे, चालतोय की धावतोय हे तुम्हाला कळत नाही. ठिकाणावरून वेग ठरत नाही. पार्शल डेरिव्हेटिव्ह घ्यायचे ते या टप्प्यावर. मग एखादा मार्ग निवडायचा, पहिल्या कप्प्यात त्या मार्गावरचं स्थान आणि दुसऱ्यात त्याच मार्गावरचा वेग भरायचा, आणि त्यानंतरच काळाच्या सापेक्ष पूर्ण डेरिव्हेटिव्ह घ्यायचा. सगळा घोळ क्रमाचा आहे. पुस्तकं दोन्ही टप्प्यांना एकच चिन्ह वापरतात आणि क्रम वाचणाऱ्यावर सोडतात. तुमच्या मुलांनी डिफरन्शियल जॉमेट्री केली असेल तर सांगा की हे टँजंट बंडलवरचं, म्हणजे सगळी स्थानं आणि प्रत्येक स्थानी शक्य असलेले सगळे वेग यांच्या एकत्रित अवकाशावरचं, फंक्शन आहे. त्यांचे चेहरे उजळतील.

“गतिज उणे स्थितिज, उणे का?” हेही विचारतील. काहीतरी गूढ सांगू नका. वेगाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतला की संवेग मिळतो, स्थानाच्या सापेक्ष घेतला की बल मिळतं, आणि न्यूटनचा नियम जसाच्या तसा बाहेर पडतो. उणे नसतं तर बलाचं चिन्ह उलटं आलं असतं. न्यूटनची आणि लाग्रांजची मांडणी एकच आहे हे ‘सि’, न्यूटनचा नियम ‘दि’. आणि कृपा करून ‘लघुतम क्रिया’ असं म्हणून पुढे जाऊ नका (क्रिया म्हणजे मार्गावरच्या लाग्रांजियनचं काळावरचं इंटिग्रल). साध्या दोलकालाही अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त काळ दिला की क्रिया लघुतम राहत नाही, फक्त स्टेशनरी राहते, म्हणजे मार्ग किंचित बदलला तर पहिल्या घातापर्यंत ती बदलत नाही. चाणाक्ष मूल हे पकडतंच, तर आधीच सांगून टाकावं.

गणिती एमी नोएथरचं १९१८चं प्रमेय, सलग सममिती असेल तर एक राशी अक्षय्य राहते हे सांगणारं, मात्र सावकाश शिकवा, इथे आपली मुलं फिजिक्सच्या मुलांपेक्षा पुढे असतात. सममिती, ग्रुप हे त्यांच्या घरचं. लाग्रांजियन काळावर थेट अवलंबून नसेल तर ऊर्जा अक्षय्य राहते, ही सिद्धता पूर्ण फळ्यावर लिहा. मागे एकदा ती संपल्यावर निफाडहून येणारा एक मुलगा म्हणाला, “मग आता ऊर्जेची अक्षय्यता सि झाली का?” मी काही न बोलता थांबले. दोन-तीन मिनिटं वर्गातच वाद झाला आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं: प्रमेय ‘सि’ आहे, पण निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, हे ‘दि’. इतक्या वर्षांत मला एवढा आनंद देणारे तास फार थोडे आलेत.

अभ्यासक्रमात क्वांटमचा भाग असेल, किंवा शेवटी एखादा तास हाताशी उरला, तर हे करा. १९२५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने मांडलेला विचित्र गुणाकार मॅट्रिक्सचा आहे हे त्याचा सहकारी मॅक्स बॉर्नच्या लक्षात आलं. त्यातून स्थान आणि संवेग यांचं नातं आलं: दोघांचा गुणाकार उणे उलट्या क्रमाचा गुणाकार, बरोबर आय एच-बार गुणिले आयडेंटिटी मॅट्रिक्स (एच-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय). मुलांना म्हणा, असे दोन मॅट्रिक्स शोधून आणा. दोन बाय दोनचे शोधतील, मग तीन बाय तीनचे. मग कुणालातरी ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, घ्यायचं सुचेल: डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य नाही. म्हणजे सान्त मितीत असे मॅट्रिक्स असूच शकत नाहीत. अनंत मितीच्या अवकाशात का जावं लागतं, हे त्यांना लिनिअर अल्जिब्राच्या दोन ओळींत कळतं.

एवढं सगळं एका सत्रात बसवायचं तर काहीतरी सोडावं लागेल. मी ठोकळे, उतार आणि पुली यांची ठरावीक गणितं कमी करते, ती मुलं घरी करतात. जानेवारीनंतर द्राक्षांचा हंगाम लागला की दिंडोरी-निफाडकडची मुलं गळतात, तेव्हा कुलूप-दोरी आणि दोन कप्प्यांचा भाग सुरुवातीच्या महिन्यांतच उरकून घ्या.

आणि दोरीची लांबी मोजताना गजावरच्या गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत मोजा, कुलपाच्या कडीपर्यंत नको. तेवढ्या तीन सेंटिमीटरने वीस झोक्यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडतो.