"आमच्यासारख्यांना एचआयव्ही होतोच ना?"

तो एचआयव्हीच्या चाचणीसाठी माझ्याकडे आला होता. पहिल्या भेटीत चूक माझी झाली. "लग्न झालंय का? बाहेर बायकांकडे जाता का?" मी विचारलं. "नाही," म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. पाच मिनिटांत चाचणी न करताच उठून गेला.

आठ दिवसांनी पुन्हा आला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) या वेळी विचारलं, "संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?" बराच वेळ पेनाच्या टोपणाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आमच्यासारख्यांना हा रोग होतोच ना? घरी मुली बघतायत."

होतोच असं नाही. 2021च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना लागण नव्हती. पण देशातल्या सगळ्या प्रौढांत ते जेमतेम 0.2 टक्के, हेही त्याच्यापासून लपवलं नाही. गुदसंभोगात धोका जास्त, कारण गुदद्वाराचं आतलं अस्तर नाजूक असतं, पटकन खरचटतं, विषाणूला वाट मिळते. कुणावर प्रेम करता याचा विषाणूशी संबंध नाही.

"पण मी कंडोम वापरतो. गेल्या महिन्यात फाटला."

"सोबत काय लावलं होतं?"

"खोबरेल."

हे मी इतक्यांदा ऐकलंय! तेलानं लॅटेक्स कमकुवत होतं. तेल असो, व्हॅसलिन असो, तेच. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं जेलच हवं. कंडोम फाटल्यावर 72 तासांच्या आत आला असता, तर 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करता आल्या असत्या. ती वेळ गेली होती. यापुढे जोखीम वारंवार येणार असेल तर आधीपासून घ्यायची प्रेप नावाची गोळी असते, तीही सांगितली.

चाचणी निगेटिव्ह आली. तो हसला, मला मात्र त्याला थांबवावं लागलं. शेवटच्या संबंधाला तीन महिने होईपर्यंत हा निकाल पक्का धरता येत नाही. तोवर कंडोम. सिफिलिसचीही तपासणी करून घेतली. समजा एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, आणि ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू दिसेनासा झाला की तो संबंधांतून पसरत नाही.

"घरी कळवाल?"

"तुमच्या संमतीशिवाय नाही. 2017चा एचआयव्ही कायदाच आहे तसा."

लग्नाचं त्या दिवशी काही ठरलं नाही. चाचणीतून त्याचं उत्तर निघणारही नव्हतं. त्यासाठी वेगळी वेळ दिली.

जाताना त्याने मोबाइलमध्ये पुढची तारीख टाकली. समोर लिहिलं, 'दाताचा डॉक्टर'.