किंबर्लीला छोट्या जहाजाने जायचंय, आई-बाबा सोबत आहेत: जहाज आणि तारीख कशी ठरवावी?

तुमचा प्रश्न असा: बहीण पर्थला आहे, आई ६६ आणि बाबा ७१ वर्षांचे, रोज चालतात पण बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. ब्रूम ते डार्विन अशी दहा रात्रींची सफर करायची आहे, चार कंपन्यांची पत्रकं समोर आहेत आणि कुठली केबिन घ्यावी ते ठरत नाहीये.

केबिन शेवटी ठरवा. आधी पंचांग काढा.

चेष्टा नाही करत. वायव्य ऑस्ट्रेलियाच्या या किनाऱ्यावर कुठल्या दिवशी काय दिसणार हे भरती-ओहोटी ठरवते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर वरखाली होतं. किंबर्लीत किंग साउंड आणि कॉलियर बेच्या भागात हाच फरक ११ मीटरच्या आसपास जातो. तीन मजली इमारत बुडेल एवढं पाणी सहा तासांत येतं आणि सहा तासांत जातं. लोक पैसे मोजून जे बघायला जातात त्यातलं निम्मं या पाण्याचीच करामत आहे.

मॉन्टगोमेरी रीफ घ्या. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं हे प्रवाळाचं पठार भरतीला पूर्ण पाण्याखाली असतं. ओहोटी लागली की भोवतीचा समुद्र भराभर खाली जातो, पण पठारावर साचलेलं पाणी तेवढ्या वेगाने निघून जाऊ शकत नाही. ते कडांवरून शेकडो ओहोळांनी कोसळत राहतं. बघता बघता समुद्रातून जमीन वर आल्यासारखं वाटतं, कडेच्या ओढ्यांत कासवं दिसतात. हे उधाणाच्या दिवसांत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो त्या दिवसांत रीफ जेमतेम डोकं वर काढते आणि माणसं ‘हेच का ते?’ म्हणत परततात. टॅल्बट बेमधल्या हॉरिझॉन्टल फॉल्सचंही तसंच. मॅक्लार्टी रांगेतल्या दोन अरुंद खिंडींतून भरतीचं पाणी आत घुसायला धडपडतं आणि दोन्हीकडच्या पातळीतल्या फरकामुळे आडवा धबधबा तयार होतो. भांगात तो नुसता जोराचा प्रवाह असतो.

म्हणून तारखेचं गणित असं. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नव्हे, साधारण दोन दिवसांनंतर सर्वाधिक असतो. ब्रूमहून निघणारं जहाज या भागात दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतं, डार्विनहून निघणारं शेवटच्या तीन-चार दिवसांत. तेव्हा जहाज सुटण्याची तारीख नव्हे, तर टॅल्बट बे आणि मॉन्टगोमेरीचे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पंचमीपर्यंत यायला हवेत. बहुतेक लोक इथेच चुकतात: पौर्णिमेला निघणारी सफर डार्विनहून घेतात आणि मॉन्टगोमेरीला नेमके अष्टमी-नवमीला पोचतात.

वेळेचा अंदाजही पंचांगावरून बांधता येतो. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ब्रूमला उधाणाची भरती अशीच बाराच्या आगेमागे येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. ब्रूमजवळच्या रोबक बेच्या ओल्या चिखलावर उगवत्या चंद्राचा ‘जिना’ दिसतो तो या संध्याकाळच्या ओहोटीमुळेच. आतल्या खाड्यांत वेळ पुढे सरकते, त्यामुळे हा ठोकताळा तारखा चाळण्यापुरताच वापरा. पक्क्या आकड्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याची भरती-कोष्टकं संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आता महिना. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा जहाजं सहसा नसतात. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात धबधबे भरून वाहतात, पण उकाडा आणि दमटपणा आपल्या ऑक्टोबरसारखा. जून-जुलैत हवा कोरडी आणि सुखद, मात्र पूर्वेकडून वारे जोर धरतात आणि धबधबे उतरणीला लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हम्पबॅक देवमासे पिलांसह कॅम्डन साउंडच्या परिसरात असतात, पण किंग जॉर्ज नदीचा ८० मीटर उंचीचा जोडधबधबा तोवर काळ्या ओघळांपुरता उरलेला असू शकतो. धबधबे आणि देवमासे दोन्ही भरपूर हवेत असं पत्रकात लिहिता येतं, निसर्गात जमत नाही. तुमच्या मंडळींसाठी मी मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा निवडेन: पाणी अजून असतं, उकाडा सरलेला असतो.

जहाज निवडताना पत्रकातला प्रवाशांचा आकडा पुरेसा नाही. कंपनीला एवढंच विचारा: एका वेळी लहान बोटींत किती माणसं बसतात? १२० प्रवासी आणि ६० जणांच्या दोन बोटी असतील तर सगळे एकदम निघतात. १२० प्रवासी आणि दहा-दहा जणांच्या आठ झोडियाक (हवा भरलेल्या रबरी बोटी) असतील तर ४० जण मागे थांबतात. मॉन्टगोमेरीचा ऐन रंग दोनेक तासांचा. दुसऱ्या फेरीतल्यांना उरलेलं मिळतं. ३६ प्रवाशांच्या जहाजाला ही अडचण नाही, पण त्याचं भाडं बघून बहीण फोन ठेवेल. शंभर-सव्वाशे माणसांचं, सगळ्यांना एका फेरीत उतरवणारं जहाज हा मला त्यातल्या त्यात शहाणा सौदा वाटतो.

दुसरा प्रश्न बाबांच्या गुडघ्यासाठी: लहान बोटीत चढायचं कसं? काही जहाजांवर बोट मागच्या डेकलाच असते, प्रवासी सपाट पावलाने आत जाऊन बसतात आणि मग अख्खी बोट पाण्यात उतरवली जाते. गुडघ्याला हे सोपं. बाकी ठिकाणी बाजूच्या शिडीने किंवा मागच्या फळीवरून झोडियाकमध्ये उतरायचं असतं. तिथे नियम असा: पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे, हातात फोन नाही. बोटवाल्याचा पंजा पकडायचा नाही; एकमेकांची मनगटं पकडायची, म्हणजे घाम किंवा पाणी असलं तरी पकड सुटत नाही. आधी रबरी कडेवर पाऊल, मग आतल्या पायरीवर, मग तळावर, आणि लगेच कडेवर बसून सरकत आपल्या जागी जायचं. लाट बोटीला वर उचलते तेव्हाच पाऊल टाकायचं. ती खाली जात असताना टाकलं की गुडघ्यावर झटका बसतो. बोटवाला ‘आता’ म्हणेपर्यंत थांबायचं, मागच्या रांगेची लाज बाळगायची नाही.

किनाऱ्यावर उतरणं बहुतेक वेळा गुडघाभर पाण्यातच असतं. कडेवर बसून दोन्ही पाय बाहेर टाकायचे आणि सरकून उभं राहायचं, उडी मारायची नाही. पायात चपला किंवा फ्लोटर नकोत. बोटं झाकणारे, भिजले तरी चालणारे आणि पक्के बांधता येणारे बूट हवेत, कारण कातळावर कालवांची धार असते. कपाटात पाच-सहा वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट नेऊ नका. त्यांच्या तळव्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वरून बूट नवा दिसतो आणि पहिल्याच दिवशी तळवा सुटून हातात येतो. निघण्यापूर्वी महिनाभर तेच बूट घालून पर्वती चढून बघा. याशिवाय प्रत्येकी दोन लिटर पाणी, रुंद काठाची आणि गळ्याशी बांधता येणारी टोपी, लांब बाह्यांचा शर्ट आणि तोंड गुंडाळून बंद होणारी वीसेक लिटरची पाणबंद पिशवी. लाइफ जॅकेट जहाजावर मिळतं. बहुधा ते पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं असतं. आतली पाण्याने विरघळणारी वडी भिजली की नळीतला वायू सुटतो. म्हणून ते न्हाणीघरात वाळत घालू नका, मध्यरात्री फट्कन फुगतं.

जहाज सोडताना आणि परतताना प्रत्येकाची नोंद होते, कुठे बिल्ला फिरवून तर कुठे कार्ड दाखवून. हे काम दुसऱ्याला सांगू नये आणि दुसऱ्याचंही करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वीन्सलँडच्या लिझार्ड बेटावर एका मोहीम-जहाजाची ८० वर्षांची प्रवासी चढणीवरून मागे फिरली, जहाज तिच्याशिवाय निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. बाबा चालताना दमले तर एकटे परतणार नाहीत हे आधीच ठरवा. वाटाड्याला थांबवून सांगा. सोबत कुणीतरी दिलं जातं, नाहीतर तिथेच थांबायला कुणी मिळतं.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. किंबर्लीच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहत नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाड्यांत, नदीमुखांत, वाळूच्या पुळणींवर सगळीकडे आहेत, आणि एवढ्या भरतीने ढवळलेलं पाणी गढूळ असतं. पोहायचं ते धबधब्याच्या वरच्या गोड्या डोहात, तेही वाटाड्या हो म्हणाला तरच. काठावर उभं राहून पाय धुणं, वाकून हात बुडवणं, हेही नको.

रंगीत प्रवाळ आणि मासे बघणं हाच मुख्य हेतू असेल तर सफरच वेगळी: रोली शोल्स. ब्रूमच्या पश्चिमेला तीनशेच्या आसपास किलोमीटरवर खोल समुद्रातून वर आलेल्या मर्मेड, क्लर्क आणि इम्पेरियूज या तीन रीफ. पाणी काचेसारखं, कारण जवळ नदी नाही. तिथला मोसम साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, वारा पडलेला असतो तेव्हा. भरतीचा फरक चारेक मीटर, आणि आतल्या खाजणाचं पाणी अरुंद वाटांनी ये-जा करतं, त्यामुळे प्रवाहाबरोबर वाहत जाऊन बघण्याची मजा आहे. पाय मारावेच लागत नाहीत. पण जायला-यायला एकेक रात्र उघड्या समुद्रात, आणि पोहता न येणाऱ्याला तिथे फारसं काही नाही. आई-बाबांसाठी किंबर्लीच बरं.

हॉरिझॉन्टल फॉल्सच्या खिंडीतून बोट नेतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या. मे २०२२ मध्ये तिथे पर्यटकांच्या बोटीला मोठा अपघात झाला, आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या दांबीमांगारी लोकांना खिंडीतून बोटी नेणं मान्य नव्हतं. त्यानंतर नियमांचा बराच खल झाला आहे, जुने व्हिडिओ बघून अपेक्षा ठेवू नका. समोरून बघितलं तरी पाण्याचं काय चाललंय ते नीट कळतं. माझ्या मते उलट जास्तच नीट. बिग बेट किंवा राफ्ट पॉइंटच्या वांजिना चित्रांपाशीही (ही आदिवासींची खडकावरची प्राचीन चित्रं) तिथल्या लोकांचा शब्द शेवटचा. काही ठिकाणी फोटो चालतात, काही ठिकाणी नाही. चित्रांना हात लावायचा नाही, खडकावर पाणी शिंपडून रंग खुलवायचे नाहीत. या भागातल्या एका कांगारूच्या चित्राचं वय गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्यांवरून सुमारे १७,३०० वर्षं निघालं आहे.

समुद्र लागण्याची भीती बेटांच्या आडोशाने फारशी नसते. उरतो तो केप लंडनडेरी ते डार्विन हा जोसेफ बोनापार्ट आखाताचा पट्टा, जून-जुलैच्या पूर्ववाऱ्यात तो हलवतो. स्टुजेरॉन किंवा अ‍ॅव्होमिन त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधीच घ्यावी लागते. दोन्हींनी झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि सफरीपेक्षा आठवडाभराची जादा घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना औषधं आणि खाण्याचे पदार्थ कार्डावर जाहीर करा. लाडू जप्त झाले तर झाले, लपवल्याचा दंड मोठा असतो.

विमा घेताना तीन गोष्टी शब्दशः शोधा: क्रूझ, हेलिकॉप्टर आणि आधीचे आजार. या किनाऱ्याला रस्ते नाहीत. माणूस हलवायचा तर हेलिकॉप्टरने धावपट्टीपर्यंत आणि तिथून विमानाने. मिचेल फॉल्सची हेलिकॉप्टर फेरी बहुधा वेगळ्या पैशांची असते, आणि त्याआधी सगळ्यांचं वजन केलं जातं. एखाद्या सफरीत जहाज तिमोरला, म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेर, जाऊन येत असेल तर आई-बाबांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते तपासा.

शाकाहारी असाल तर महिनाभर आधी लिहून कळवा, आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. अंडं चालतं का, माशाचा सॉस, मांसाचा रस्सा, जिलेटिन चालतं का, ते एकेक लिहा. माल ब्रूम किंवा डार्विनलाच भरला जातो. मध्ये दहा दिवस एकही दुकान नाही.

आणि आता केबिन. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हलणं सर्वात कमी. पुढच्या टोकाची स्वस्त मिळाली तरी नको: नांगराची साखळी तिथूनच सुटते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती गाठायची म्हणून ती पहाटे पाचलाच खडखडायला लागते. अगदी मागे इंजिनाची घरघर. बाल्कनीचे पैसे वाचवा. दिवसभर तुम्ही बोटीतच असणार. न्हाणीघराचा उंबरठा किती उंच आहे आणि आत धरायला दांडी आहे का, एवढं मात्र बाबांसाठी विचारून घ्या.